पुणें–नगर सडकेवरील एस. टी. आणि वाटेवरचा शेतकरी

पीकपाणी, खतें, बीबियाणें व जनावरांची निगा यांस वाहिलेल्या या मासिकांत मोटारीच्या एका मार्गाची हकीकत कशास, असें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. त्यांस माझें म्हणणें इतकेंच कीं, आपल्या बांधावरून निघालेला माणूस ज्या वाटेनें बाजारास, कचेरीस, दवाखान्यास व शाळेस जातो, ती वाट शेतीच्या हिशेबांत धरली नाहीं तर तो हिशेब अपुरा राहतो. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. रयत कोणत्या मोटारीनें येते, कोणत्या मोटारीनें परत जाते आणि मोटार चुकली म्हणजे तिचें काय होतें, हें मीं माझ्या टेबलावरून रोज पाहिलें आहे. त्या अनुभवाच्या आधारें पुणें–नगर मार्गाची ही माहिती वाचकांपुढें ठेवीत आहें.

ही सडक पुण्याहून ईशान्येस निघते आणि वाघोली, लोणीकंद, कोरेगांव भीमा, शिक्रापूर, रांजणगांव, शिरूर ऊर्फ घोडनदी, सुपें, कामरगांव, चास, केडगांव या गांवांवरून नगरास पोंचते. अंतर सुमारें १२० किलोमीटर, म्हणजे जुन्या मापानें पाऊणशें मैल. नगरचें सरकारी नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु या मार्गाचें जुनें नांवच लोकांच्या तोंडीं असल्यामुळें या लेखांत तेंच ठेविलें आहे. वाटेंत कोरेगांवाजवळ भीमा व शिरूराजवळ घोड अशा दोन मोठ्या नद्या लागतात. घोड ओलांडली कीं पुणें जिल्हा संपून नगर जिल्हा सुरू होतो. तेथून पुढचा मुलूख पर्जन्यछायेंतला. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे हीं तेथलीं जुनीं पिकें. अलीकडे कांदा व दुधाचा धंदा यांवर तेथील कास्तकाराची भिस्त आहे. अशा मुलखांतल्या माणसास शहराशीं संबंध ठेवल्यावांचून गत्यंतर नसतें, हें सांगावयास नको.

आगगाडीचा या गांवांस कधींच उपयोग झाला नाहीं. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला व नगरास आगगाडी मिळाली, हें खरें. पण पुण्याहून रुळांवरून नगरास जावयाचें तर आधीं पूर्वेस दौंडास जावें आणि तेथून उत्तरेस वळावें. त्रिकोणाच्या दोन बाजू चालून जाण्यासारखाच हा प्रकार झाला. सडक ही त्या त्रिकोणाची तिसरी बाजू. शिक्रापूर, रांजणगांव, शिरूर, सुपें हीं सारीं गांवें या तिसऱ्या बाजूवर वसलेलीं. त्यांस बैलगाडी, घोडें नाहीं तर आपले पाय हेंच वाहन होतें.

१९२० सालानंतर आपल्या प्रांतांत खासगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी धांवूं लागल्या. त्यांच्यावर म्हणण्यासारखा निर्बंध कांहीं नव्हता. माझे वडील त्या मोटारींतून लहानपणीं गेलेले. ते सांगत कीं, मोटार निघण्याची वेळ विचारण्याची रीतच नव्हती. मोटार भरली म्हणजे ती निघण्याची वेळ झाली. दहा उतारू मिळाले आणि आणखी चार हवे असले तर मोटारवाला सर्वांस बसवून अड्ड्यावर परत हांका मारावयास जाई. बाजारच्या दिवशीं व जत्रेच्या वेळीं भाडें वाढे, आभाळ आलें तर आणखी वाढे. ड्रायव्हरशेजारची जागा गांवच्या बड्या आसामीसाठीं राखलेली असे आणि ती आसामी घरीं जेवीत असली तर बाकीच्यांनीं तिची वाट पाहावी. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासें झालें तेव्हां कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविल्या गेल्या. चढावर उतारूंनीं खालीं उतरून त्या ढकलल्या, हेंही वडिलांनीं सांगितलेलें आहे.

तथापि त्या मालकांस सरसकट दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. खडीच्या धुरळ्यांत स्वतःचें भांडवल घालून त्यांनीं प्रथम वाट पाडली, सरकारनें नव्हे. १९३९ चा मोटार वाहन कायदा आल्यावर या धंद्यास थोडें वळण लागलें. एकेका भागांतल्या मालकांस ठराविक मार्गावर आपला संघ करावयास लावलें, चढउताराच्या जागा नेमल्या, भाडें ठरविलें, तिकीट देण्याची पद्धत पडली. परंतु कागदावरचा नियम आणि बाजारच्या दिवशींचा व्यवहार यांत किती अंतर असतें, हें महसूल खात्यांतल्या माणसास कोणी शिकवावयास नको.

पुढें मुंबई सरकारनें स्वतःची मोटार वाहतूक सुरू करण्याचें ठरविलें. मोरारजी देसाई त्या वेळीं गृहमंत्री होते. १ जून १९४८ रोजीं नगर व पुणें यांच्या दरम्यान पहिली सरकारी मोटार धांवली आणि आज ज्यास आपण एस. टी. म्हणतों तिचा आरंभ या सडकेवर झाला. गाडी बेडफर्ड बनावटीची, तीस उतारूंची. सांगाडा लाकडी, बैठका काथ्याच्या. आरंभीं अशा पस्तीस बेडफर्ड गाड्या घेतल्या होत्या. अंग निळें व टप रुपेरी असा रंग असे. ड्रायव्हर-कंडक्टर खाकी पोशाखांत व टोपी घालून असत. त्या पहिल्या गाडीवर कंडक्टर म्हणून लक्ष्मण केवटे हे होते. त्यांनीं म्हातारपणीं सांगितलेल्या आठवणी पुष्कळांनीं वाचल्या असतील. वाटेवरच्या गांवांतून लोकांनीं गाडीचें स्वागत केलें. उलट पुण्यांत शिरतांना खासगी वाहतूकवाल्यांकडून दगाफटका होईल या भीतीनें गाडी पोलिसांच्या बंदोबस्तांत न्यावी लागली. एकाच दिवशीं, एकाच सडकेवर, हे दोन्ही प्रकार घडले. ज्याचा धंदा बसला त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण चास-कामरगांवच्या माणसास आनंद कां झाला असावा, हें जास्त विचार करण्यासारखें आहे.

गाडी नवी होती म्हणून आनंद झाला असेल, परंतु माझ्या मतें खरें कारण निराळें. सरकारी मोटारीनें प्रथमच असें केलें कीं, भरो वा न भरो, ती वेळेस निघाली. शेतकऱ्याचा दिवस धारेनें सुरू होतो व धारेनेंच संपतो. मधल्या आठ-नऊ तासांत शहर गांठून परत यावयाचें असेल तर जाण्याची व येण्याची अशा दोन्ही वेळा आधीं ठाऊक असाव्या लागतात. वेळ ठाऊक नसलेली वाट, मग ती कितीही चांगली असो, शेतकऱ्याच्या उपयोगाची नाहीं. त्यास मुक्काम करावा लागतो. मुक्कामास खर्च लागतो आणि घरीं म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाहीं.

आतां या मार्गाचें काम कसें चालतें, तें थोडें खुलासेवार सांगतों. मला त्यांत विशेष गोडी आहे, वाचकांनीं क्षमा करावी. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात. हल्लीं सहा किलोमीटरांचा एक टप्पा धरतात व अपुरा टप्पा पुरा मोजतात. सतरा किलोमीटर जाणाऱ्यानें तीन टप्प्यांचें भाडें द्यावें. कंडक्टरजवळ पूर्वीं पत्र्याची पेटी असे. तींत निरनिराळ्या किंमतींच्या तिकिटांचे गठ्ठे नंबरवार लावलेले असत. तिकीट फाडून त्यास चिमट्यानें भोंक पाडावयाचें, म्हणजे उतारू कोठून कोठें जाणार हें कळे. निघण्यापूर्वीं प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला नंबर वे-बिल नांवाच्या कागदावर लिहावयाचा आणि टप्पे मागें पडतील तसतसे वाटेंतले नंबर त्यावर चढवीत जावयाचे. मध्येंच तपासनीस गाडींत चढला तर त्यानें डोकीं मोजावींत, वे-बिल पाहावें. दोहोंचा मेळ बसला नाहीं तर जाब विचारावा. रात्रीं आगारांत शेवटच्या नंबरांतून पहिला वजा केला कीं किती तिकिटें गेलीं व किती रुपये आले पाहिजेत, याचा आंकडा निघतो. कंडक्टरच्या थैलींत तेवढे रुपये नसले तर ते त्याच्या पदरचे.

हें मीं प्रथम पाहिलें तेव्हां मला तलाठ्याच्या पावतीपुस्तकाची आठवण झाली. नंबरी पावती, पोटकीर्द, चलन आणि तपासणी, तोच साचा. फरक इतकाच कीं, तलाठी तें काम झाडाखालीं खुर्ची टाकून करतो आणि कंडक्टर हलत्या गाडींत, साठ माणसांच्या गर्दींत, सुट्या पैशांची हुज्जत घालीत करतो. एक घंटा वाजली कीं थांबावयाचें व दोन वाजल्या कीं निघावयाचें, ही खूणही त्यानेंच द्यावयाची. आतां तिकिटाचें यंत्र आल्यापासून पेटी व चिमटा गेला. हिशेब सोपा झाला. मात्र टप्पा कोणता, हें अजूनही कंडक्टरच्या ध्यानांतच असावें लागतें.

याहून महत्त्वाची एक गोष्ट उतारूंस दिसत नाहीं. पुणें–नगरसारखा भरून वाहणारा मार्ग स्वतःपुरता खर्च काढून आणखी पैसे टाकतो. फाट्यावरून आंत वळून आडगांवास जाणारी गाडी बहुधा तोट्यांत चालते. एकाच महामंडळाच्या खतावणींत दोन्ही असल्यामुळें पहिलीचा पैसा दुसरीच्या कामास येतो. पाटाच्या तोंडाशीं असलेल्यानें शेवटच्या चारीपर्यंत पाणी जाऊं द्यावें, तसेंच हें. म्हणूनच मुख्य सडकेवर कोणतीं वाहनें कोणी चालवावींत हा प्रश्न आडगांवच्या शेतकऱ्यासही लागू आहे, जरी त्याच्या गांवावरून ती सडक जात नसली तरी.

मुक्कामी गाडीची गोष्ट येथेंच सांगून टाकतों. संध्याकाळची शेवटची गाडी गांवांतच राहते व पहांटे तीच पहिली होऊन निघते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळांत, शाळेच्या ओट्यावर किंवा गाडींतच अंग टाकतात. कोणाच्या ना कोणाच्या घरून त्यांस भाकरी-कालवण येतें. त्या गाडीनें वर्तमानपत्र येतें. शहरांत शिकणाऱ्या पोराचा जेवणाचा डबा जातो, रिकामा डबा परत येतो आणि कधीं त्यांत आईसाठीं चिठ्ठी असते. असा एक डबा मीं स्वतः चार वर्षें खाल्लेला आहे.

आतां एक प्रसंग. मी एका तालुक्याच्या कचेरींत फेरफाराच्या तक्रारींचें काम पाहत होतों. सुनावणीची वेळ नेहमींप्रमाणें सकाळीं अकराची ठरे. त्यावर कोणी विचार केला नव्हता. आधींच्या कारकुनानें तसें लिहिलें म्हणून मींही तसेंच लिहीत होतों. एका वारसनोंदीच्या तक्रारींत पुकारा झाला. अर्जदार गांवांतलाच, तो हजर होता. सामनेवाला आला नव्हता. पुन्हां पुकारा केला. मीं रोजनाम्यांत ‘सामनेवाले गैरहजर’ असें माझ्या हातानें लिहिलें आणि प्रकरण एकतर्फी चाललें. साडेअकराच्या सुमारास एक पन्नाशीचा गृहस्थ कागदांची पिशवी छातीशीं धरून धांवत आला. मीं त्यास सांगितलें कीं, काका, तुमचें काम झालें. तो म्हणाला, “भाऊसाहेब, आमच्या गांवची पहिली गाडी आत्तां आली.”

गाडी उशिरा आली नव्हती. ती रोज त्याच वेळेस येत असे. चूक कचेरीच्या वेळेची होती, आणि ती वेळ माझ्या अक्षरांत होती. त्या गृहस्थास वरच्या कचेरींत अपील करावें लागलें. दोन वर्षें त्याचे हेलपाटे झाले. शेवटीं जमिनीवरचें त्याचें नांव राहिलें, पण त्यासाठीं त्यानें एक गाय विकली, हें मला नंतर कळलें. दुसऱ्या दिवशीं मीं स्टँडवर जाऊन तालुक्यांतल्या सर्व गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा उतरून घेतल्या व तो कागद टेबलाच्या वर भिंतीस डकविला. साहेबांपुढें गोष्ट ठेविली. त्यांनीं आढेवेढे न घेतां लांबच्या गांवांच्या तारखा दुपारीं साडेबाराच्या लावण्यास संमति दिली. परतीची शेवटची गाडी सांपडेल अशा बेतानें कामें उरकूं लागलीं. त्या कचेरींत मी असेपर्यंत तो कागद दर सहा महिन्यांनीं मीं नवा लिहिला. नोकरींत केलेल्या कामांपैकीं मला सांगावेंसें वाटतें असें तें एकच.

पुढील इतिहास थोडक्यांत देतों. १९५० सालीं रस्ता वाहतूक महामंडळांचा कायदा झाला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झाल्यावर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हें नांव रूढ झालें. निळा रंग जाऊन लाल आला. नगर सडक चौपदरी झाली, रांजणगांव व सुपें येथें औद्योगिक वसाहती झाल्या आणि जेथें बैलगाड्यांच्या रांगा लागत तेथें आतां वाघोलीपासून शिक्रापुरापर्यंत मोटारींच्या रांगा लागतात. पुण्याचें शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामामुळें २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीस हलविलें गेलें. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या महिन्यांत आपल्या गांवांतल्या किती मुलींची शाळा बुडाली, हें प्रत्येकानें आपल्या आळींत आठवून पाहावें. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांविषयीं येथें लिहिण्याचा माझा अधिकार नाहीं.

संप मिटला आणि १ जून २०२२ रोजीं, पहिल्या गाडीच्या बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनीं, याच पुणें–नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची पहिली एस. टी. सुरू झाली. त्रेचाळीस आसनें, वातानुकूलित, धूर नाहीं, आवाज नाहीं. एकदां वीज भरली म्हणजे सुमारें अडीचशें किलोमीटर जाते असें सांगण्यांत आलें; म्हणजे नगर–पुणें–नगर ही खेप त्यांत बसते, पण काठोकाठ. याच काळांत सवलतीही मिळाल्या. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत झाला, व स्त्रियांस १७ मार्च २०२३ पासून अर्धें भाडें. भाजीची पाटी घेऊन स्टँडवर उभ्या राहणाऱ्या बायका त्यानंतर वाढल्या, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २५ जानेवारी २०२५ रोजीं भाडें १४.९५ टक्क्यांनीं वाढलें, तेंही नमूद केलें पाहिजे.

हें सर्व चांगलें असूनही माझ्या मनांत एक शंका आहे. थेट व विनाथांबा गाड्यांकडे सर्वांची नजर लागली आहे. शहरांतल्या उतारूस दोन टोकांशींच काम असतें, त्यामुळें त्यास त्या हव्यातच. पण कामरगांवास किंवा लोणीकंदास उतरणारा साध्या गाडीवर अवलंबून असतो. ती साधी गाडी एकदां कां कमी झाली कीं फाट्यावर वडापची जीप उभी राहते. ती भरल्यावर निघते, पावसांत भाडें वाढविते आणि पुढची जागा ओळखीच्यास देते. वडिलांनीं सांगितलेली सर्व्हिस मोटार मला तींत हुबेहूब दिसते. मुभा एवढीच कीं, आतां ढकलावी लागत नाहीं.

साधी गाडी टिकवावयाची तर नुसती तक्रार करून भागत नाहीं, असा कचेरींतला माझा अनुभव सांगतो. “आमच्या गांवास गाडी नाहीं, तरी मेहेरबानी व्हावी” अशा अर्जावर काय शेरा पडतो, तें मला ठाऊक आहे. अर्जांत आंकडे हवेत. पंधरा दिवस फाट्यावर एका माणसानें वही घेऊन बसावें. कोणत्या वेळीं किती माणसें उभीं होतीं, त्यांत शाळेचीं मुलें किती, दुधाच्या किटल्या व पाट्या किती, वडापनें किती गेले, हें रोजच्या रोज मांडावें. बाजारचा दिवस निराळा दाखवावा. त्याखालीं ग्रामसभेचा ठराव जोडून एक प्रत आगारप्रमुखाकडे व एक विभाग नियंत्रकाकडे द्यावी, आणि दोन्हींची पोंच घ्यावी. नवी गाडी मागण्यापेक्षां असलेल्या गाडीची वेळ बदलून मागणें पुष्कळदां सोपें पडतें, कारण त्यास नवी गाडी लागत नाहीं कीं नवा ड्रायव्हर लागत नाहीं.

आमच्या गांवीं हें मोजमाप आम्हीं गेल्या पौषांत केलें. वही लिहावयास शाळेंतलीं दोन मुलें घेतलीं होतीं. त्यांचें अक्षर माझ्यापेक्षां बरें निघालें. त्यावरून असें दिसलें कीं, सकाळची गाडी दूध डेअरीवर पोंचण्याच्या आधींच निघून जाते, म्हणून रिकामी धांवते. आणि ती रिकामी धांवते म्हणून ती बंद करण्याची भाषा होते. पाऊण तास उशिरा निघाली तर दूध घालून येणारे व शाळेचीं मुलें दोन्ही तींत बसतील. अर्ज याच कारणानें केला आहे. आगारांतील शिक्का मारलेली पोंच माझ्या टेबलाच्या खणांत आहे; उत्तर येईल तें याच मासिकांतून कळवीन.